न टाकलेलं पाकीट

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची. जहाजबांधणीच्या कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डिंग केलं, पण दुपारचा डबा कधी एका जागी बसून खाल्ला असेन तर शपथ. म्हणून निवृत्त झाल्यावर मी आणि बायको मार्लिस, आम्ही एक जुनी बोट घेतली, तिचं नाव 'सेकंड शिफ्ट' ठेवलं आणि अर्ध्या देशाला पाण्यावरून प्रदक्षिणा घालायला निघालो. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या स्टर्जन बे गावाहून सुटायचं, नद्यांवरून दक्षिणेला उतरायचं, समुद्राच्या कडेकडेने वर यायचं आणि कालव्यांतून परत घरी. वर्षभराचा कारभार. आमच्यासारखे वेडे बरेच असतात, आणि पाण्यावर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, बोटीच्या नावाने मारतात. त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षी ऑरिन डेल्फॉसचा मी 'ए सेकंड शिफ्ट' झालो होतो.

ऑक्टोबरात वाट वाकडी करून आम्ही टेनेसी नदीवर आलो आणि अलाबामात अडकलो. धरणाच्या कडेला बोटी वरखाली नेणारी पाण्याची कोठी असते, तिला आम्ही लॉक म्हणतो. पुढच्या धरणाचं लॉक दुरुस्तीला काढलं होतं. चार दिवस लागतील म्हणाले, मग सहा म्हणाले, मग काही म्हणेनासेच झाले. अकरा बोटी धक्क्याला बांधून पडल्या. पहिल्या दोन दिवसांत मी इंजिनचं तेल बदललं, पंप उघडला आणि बसवला, मग चांगला चालतोय याची खात्री नाही म्हणून परत उघडला.

"त्या पंपाला जरा झोपू दे," मार्लिस म्हणाली. ती मजेत होती. सकाळी चालत दोन मैलांवरच्या पोस्टात जाऊन आमच्या मुलीला, कॅरिनला, कार्ड टाकून यायची. जिथे बोट लावू तिथे पहिला प्रश्न पोस्ट कुठे. मी कितीदा म्हटलं, दे इकडे, मी टाकतो, मला काय उद्योग आहे. तर म्हणायची, "नको, तेवढंच माझं चालणं होतं." लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, आणि त्यातली चाळीसएक वर्षं तिने माझ्या हातात एक पत्र म्हणून दिलेलं नाही. मला वाटायचं, असते एकेकाला हौस.

संध्याकाळी पाच वाजले की धक्क्यावर खुर्च्या मांडायच्या, ज्याने त्याने आपापला पेला आणायचा आणि सगळ्यांपुरतं काहीतरी खायला, ही आमच्या लोकांची रीत. तिसऱ्या दिवशी 'बिस्किट'चा मालक होय्ट, जॉर्जियाचा, मोठं पातेलंभर उकडलेल्या शेंगा घेऊन आला.

"रॉकेटं बघून आलात की नाही?" त्याने विचारलं. "इथून गाडीने पंचवीस मिनिटं. मार्लिसबाई, तुम्ही शाळेत होतात ना? मग ती शिक्षकांची वही बघाच."

"कसली वही?"

"पंच्याऐंशी साली नाही का, एका शिक्षकाला अंतराळात न्यायचं ठरलं होतं. अकरा हजार लोकांनी अर्ज केले होते. त्या सगळ्यांची नावं राज्यवार छापून मांडून ठेवलीत. आमची मेहुणी निघाली की जॉर्जियाच्या पानावर. चाळीस वर्षं आम्ही समजत होतो, बाई थापा मारते."

मार्लिसचा शेंग सोलणारा हात थांबला. "विस्कॉन्सिनची पण असतील?"

"सगळ्यांची आहेत, बाई. एकालासुद्धा सोडलेलं नाही."

मी उठलो आणि धक्क्यावरच्या सगळ्या बोटींचे दोर तपासून आलो. त्यातल्या दहा बोटी माझ्या नव्हत्या.

आता सांगूनच टाकतो. मार्लिस गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पंच्याऐंशीच्या जानेवारीत तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने तो अर्ज लिहिला. लिहायची, खोडायची, कॅरिनला मांडीवर घेऊन परत लिहायची. मग जाड पाकीट माझ्या हातात दिलं. तिची शाळा सुटेपर्यंत पोस्ट बंद व्हायचं आणि माझा ट्रक रोज पोस्टावरून जायचा. मी ते पाकीट ट्रकच्या पुढच्या काचेखाली टाकलं आणि चार दिवस पोस्टावरून येत-जात राहिलो. पाचव्या दिवशी शनिवार होता. हॅरॉल्ड नावाच्या मित्राचं गोठलेल्या खाडीवर मासे धरायचं खोपट होतं. तिथल्या शेगडीत लाकडं पेटेनात, तर मी ते पाकीट लावून पेटवली.

काळजीपोटी नव्हे. तेव्हा त्या यानांची कुणाला काळजी वाटत नव्हती. मला भीती वाटली ती वेगळीच. ही जाईल, टीव्हीवर दिसेल, आणि परत येईल तेव्हा तिला आमचं गाव, आमचं स्वयंपाकघर आणि मी, सगळं एवढंएवढंसं दिसेल. मला तिचा हेवा वाटला, आणि मी तो शेगडीत घातला.

वर्षभराने ते यान आकाशात फुटलं. सात माणसं गेली, त्यात ती निवडलेली शिक्षिका. मार्लिसच्या वर्गातली मुलं टीव्हीसमोर बसून बघत होती. ती घरी आली तसा मी तिला दारातच धरलं आणि ढसाढसा रडलो. केलं होतं पाप, आणि बसल्या जागी त्याचं पुण्य झालं होतं. त्या दिवसापासून मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो की हिला मी वाचवलं. भांडण कितीही चढलं तरी माझ्याकडे हा हुकमाचा पत्ता होता. टाकला कधीच नाही. पण हातात आहे एवढ्यानेच माणूस ताठ बसतो.

आणि आता तिचं नाव नसलेली एक वही गाडीने पंचवीस मिनिटांवर ठेवलेली होती.

पुढचे तीन दिवस मी नुसत्या पळवाटा शोधत होतो. "उद्या लॉक उघडेल, बोट सोडून कसं जायचं?" मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझा गुडघा दुखला. तिसऱ्या दिवशी धक्क्याची गाडी मिळणार नाही म्हणालो. गाडी म्हणजे धक्क्याच्या मालकांनी पाहुण्या बोटवाल्यांसाठी ठेवलेली जुनी खटारा. ऑफिसातल्या ट्वायलाकडे वहीत बोटीचं नाव लिहायचं, किल्ली घ्यायची, दोन तासांत परत आणायची. फुकट असते, पण नियम कडक. दुसरा ताटकळत असतो.

"मी ट्वायलाला विचारून आले," मार्लिस म्हणाली. "उद्या दहा ते बारा आपली आहे. आणि गुडघा दुखत असेल तर तू बस बोटीवर. मी एकटी जाईन."

ते तर त्याहून वाईट. "छे, आता बरा आहे," मी म्हटलं.

सकाळी ट्वायलाने किल्ली माझ्या तळहातावर आपटली. "बारा म्हणजे बारा हं राजा. नंतर बिस्किटचा नंबर आहे आणि त्याची बायको किराण्याची यादी करून बसलीय. उशीर झाला तर मला नको सांगू, तिला सांग."

हा दोन तासांचा नियम मला देवासारखा भेटला. जायला-यायला पन्नास मिनिटं. उरली सत्तर. ती रॉकेटांतच संपवायची, असा बेत करून मी गाडी चालवली. रस्त्यात पेट्रोल भरलं, चाकांत हवा भरली, काच पुसली.

"आणखी काही?" मार्लिसने विचारलं. "रंग काढून घेऊया का गाडीला?"

आत एका लांबलचक दालनात चंद्रावर जाणारं ते रॉकेट आडवं टांगून ठेवलं होतं. त्याच्या बुडापासून टोकापर्यंत चालायला वेळ लागतो, आणि मी तर वेल्डर. मी प्रत्येक जोडापाशी थांबलो. "हे बघ, केवढी पातळ पत्र्याची शिवण. हात थरथरला की संपलं. आमच्याकडे असा एकच माणूस होता." मी बोलत होतो, आणि मला एक जोड धड दिसत नव्हता. मान वर करून बघितलं की जमीन हलायची. महिनाभर पाण्यावर राहिलं की जमिनीवर असं होतं, पण त्या दिवशी जरा जास्तच होत होतं. मार्लिस माझ्या मागून सावकाश येत होती, हाताची घडी घालून. एकदाही म्हणाली नाही की पुरे.

सव्वाअकरा वाजता मी घड्याळ पुढे केलं. "निघायला हवं. बिस्किटवाले..."

"बिस्किटवाल्यांच्या घरात दोन दिवस मैदा नसला तर मरत नाहीत," ती म्हणाली आणि पहारेकऱ्याला विचारून सरळ चालू लागली.

वही एका तिरक्या लाकडी घडवंचीवर होती, आमच्या चर्चमधल्या बायबलएवढी जाड. राज्यं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. विस्कॉन्सिन अगदी शेवटून दुसरं. कुणीही शहाणा माणूस मागून उघडेल. मार्लिसने पहिलं पान उघडलं. अलाबामा. बोट ठेवून ती नावं वाचू लागली, अलाबामा संपवून अलास्कात शिरली, तिथून ऍरिझोनात. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होतो. खिशातली किल्ली वाजत होती ती मलाच ऐकू येत होती. कॅलिफोर्नियाची किती पानं होती देव जाणे.

"या बघ, सॅक्रामेंटोच्या. ब्याऐंशी साली मॅडिसनला भेटल्या होत्या मला," ती म्हणाली. "किती छान बोलायच्या."

अजून पंचेचाळीस राज्यं होती. माझा धीर सुटला.

"मार्लिस, तुझं नाव नाहीये त्यात."

"तुला काय माहीत?"

"मी पाकीट टाकलंच नाही. जाळलं. हॅरॉल्डच्या खोपटात, शेगडी पेटवायला."

मान वर न करता तिने पान उलटलं. "माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा चष्मा दे. माझा बोटीवर राहिला."

मी चष्मा दिला. म्हणजे इतका वेळ ती वाचत नव्हतीच, मी कधी बोलतो याची वाट बघत होती. मग तिने एका हाताने ते सगळं जाड ओझं उचललं, मागून दहाबारा पानं सोडली आणि बोट खाली आणलं. मला चष्म्याशिवाय काही दिसेना. तिने मोठ्याने वाचलं, "डेल्फॉस, मार्लिस. स्टर्जन बे." शाळेत हजेरी घ्यायची तसं. आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर."

मी तिथल्या बाकावर बसलो.

"तू जाळलंस ते पाकीट," ती माझ्या शेजारी बसत म्हणाली. "अर्ज नाही. तीन दिवस ट्रकमध्ये बघत होते मी ते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उचललं, किटलीच्या वाफेवर उघडलं, अर्ज काढून घेतला. चर्चमध्ये बूयाचं, कोंबडीच्या रश्श्याचं, जेवण झालं होतं ना, त्याची पत्रकं उरली होती, ती भरली आत, चिकटवलं आणि होतं तिथे ठेवलं. अर्ज मी ग्रीन बेला जाऊन टाकला."

"परत कशाला ठेवलंस?"

"तू टाकतोस का बघायला."

"आणि टाकलं असतं तर?"

"तर वॉशिंग्टनच्या कुणा साहेबाला कोंबडीच्या रश्श्याचं आमंत्रण गेलं असतं. आला असता बिचारा." ती हसली. मला हसू येईना. "अर्ज पोचल्याचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मग नाही घेतल्याचंही आलं. दोन्ही ठेवलीत मी. शिवणाच्या डब्यात आहेत, खालच्या खणात."

त्या डब्यातून मी शेकडो वेळा बटणं काढलीत.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी रागाने. शेगडीचं मला हॅरॉल्डनेच सांगितलं होतं. म्हटलं, हा सांगेल, मग बघते त्याच्याकडे. तू सांगतोयस कसला. नंतर ते यान फुटलं आणि तू मला दारात धरून रडलास, तेव्हा मला कळलं तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते. तू मला वाचवलंस." ती समोर बघत बोलत होती, आवाज जराही चढला नव्हता. "चाळीस वर्षं तू ते तोंड घेऊन फिरलास, ऑरिन. भांडण झालं की बरोब्बर दिसायचं. मला मॅडिसनला नोकरी मिळत होती तेव्हा तर तू जेवणाच्या टेबलावर असा बसला होतास, जसं काही माझा श्वास तूच भरत होतास. त्या दिवशी वाटलं होतं, ती दोन पत्रं आणून तुझ्या ताटात टाकावीत."

"का नाही टाकलीस?"

"तुझ्याकडे दुसरं काय होतं?"

एखाद्याने मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं. ती जिवंत होती, कारण दूर कुठेतरी कुणीतरी तिचा अर्ज वाचून बाजूला ठेवला होता. तिथे माझा काडीचाही संबंध नव्हता. पुण्य गेलं, आणि उरलं ते फक्त शेगडीत घातलेलं पाकीट. तेही कोंबडीच्या रश्श्याचं.

"मला माफ कर," मी म्हटलं. चाळीस वर्षं घासून तयार ठेवलेली मोठमोठी वाक्यं होती माझ्याकडे, त्यातलं एकही आलं नाही.

"बघू," ती म्हणाली आणि तिथल्या दुकानाकडे गेली.

धक्क्यावर पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. होय्ट फाटकाशीच उभा होता, हातात यादी.

"काय रे सेकंड शिफ्ट, चंद्रावर उतरून आलात की काय? आमच्या हिने, इमोजीनने, तुझ्या नावाने किती जप केला माहितीये? आणि किराणा राहू दे आता. लॉक उघडलं. आज पाच वाजता सगळ्या बोटी एकदम आत घेणार आहेत. अडीचला दोर सोडला नाही तर चुकलं, मग डायरेक्ट उद्या. पळ."

आठ दिवसांनी माझ्या कानांना काहीतरी बरं ऐकू आलं. मी इंजिन बघितलं, पाण्याची नळी काढली, विजेची तार गुंडाळली. हाताला काम मिळालं की डोकं गप्प बसतं. दोन वाजून दहा मिनिटांनी आमची तयारी झाली तेव्हा मार्लिस बोटीतल्या टेबलावर काहीतरी लिहीत होती. वर आली, आणि माझ्या पुढे एक कार्ड धरलं. चित्रात ते आडवं रॉकेट.

"हे टपालात टाकून ये," ती म्हणाली.

मी हात पुसले. दोनदा पुसले. कार्ड घेतलं आणि धक्क्यावरून निघालो. उघडं कार्ड, वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे जातातच. 'कॅरिन, पंच्याऐंशी सालचा माझा अर्ज पोचला होता. आज नाव बघितलं. हे कार्ड तुझे बाबा टाकणार आहेत. मिळालं तर कळव.'

'मिळालं तर'खाली तिने रेघ मारली होती.

"ठेव इथे राजा," ट्वायला म्हणाली, "तीन वाजता टपालाची व्हॅन येते, देते मी."

"नको. मी देईन."

"तुमच्या सगळ्या बोटी अडीचला सुटतायत ना?"

"हो."

"बाहेर पेटी आहे मग. पेटीत टाक आणि पळ."

पेटीपाशी गेलो. लोखंडी झाकण उचललं. आत अंधार होता आणि खाली किती खोल आहे दिसत नव्हतं. झाकण परत सोडलं आणि पेटीशेजारच्या पायरीवर बसलो. कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं.

अडीचला एकेक बोट सुटू लागली. 'बिस्किट' जाताना होय्टने भोंगा वाजवला आणि हातवारे करून विचारलं, काय झालं? मी हात हलवला. दहाही बोटी वळणाआड गेल्या. आमच्या बोटीचं इंजिन धडधडत होतं आणि मागच्या कठड्याला टेकून मार्लिस माझ्याकडे बघत होती. तिने हाक मारली नाही, भोंगा वाजवला नाही. माझे पाय आपोआप उठायला बघत होते. मी ते जमिनीवर दाबून धरले. पावणेतीनला आमचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

व्हॅन तीन वाजून दहा मिनिटांनी आली. एक जाडजूड बाई उतरली. मी कार्ड तिच्या हातात दिलं, आणि ती ते पिशवीत टाकेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

"नातवाला बर्थडे कार्ड वाटतं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आमच्या मुलीला."

बोटीवर आलो तर मार्लिसने दोर परत घट्ट बांधले होते, पाण्याची नळी लावली होती आणि कॉफी ठेवली होती. माझा कप माझ्या समोर सरकवला.

"टाकलंस?"

"टाकलं."

"बघू," ती म्हणाली, "कॅरिन काय कळवते ते."